मुस्तफा, काँट्रा आणि माळ्यावरचा सीपीयू

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. नगर जिल्ह्यातल्या शेवगावच्या बाजारपेठेत हे नाव घेऊन विचारलं तर बहुधा कुणी ओळख देणार नाही. 'मुस्तफा' म्हटलं की मात्र चाळिशीतला दुकानदार गिऱ्हाईक थांबवून बोलायला लागेल. गेममध्ये नायक चार होते. त्यांतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो चपळ, त्याची उडती लाथ भारी, म्हणून पोरांनी अख्ख्या गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं. हे बारसं एकट्या नगर जिल्ह्यातलं नाही, देशभरातल्या पार्लरांमध्ये तो याच नावाने चालला. रुपयाचं नाणं टाकायचं, लाकडी पेटीवरचा दांडा धरायचा आणि मागे उभ्या असलेल्या चार फुकट सल्लागारांचा गलका ऐकत स्टेज पार करायची. सल्लागारांच्या खिशात नाणं नसायचं, पण कुठल्या पिंपात बंदूक आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं.

त्या पोरांतले काही आज पुण्यात नोकरीला आहेत, काहींची शेवगावातच दुकानं आहेत, काही ऊस-कपाशीत रमलेत. प्रत्येकाच्या खिशातला फोन त्या लाकडी पेटीपेक्षा हजारो पटींनी ताकदवान आहे. फोनवर फुकट गेमांचा पूर आहे. तरी यांतला एखादा रात्री जेवण झाल्यावर मुस्तफाच लावून बसतो. कुणी जुना टीव्ही गेम दुरुस्त करून घेतो, कुणी माळ्यावरचा पेंटियम संगणक खाली काढतो. जगभर लाखो लोकांना जुन्या गेमचा आणि जुन्या संगणकांचा नाद आहे. २०१६ साली निन्टेंडोने आपल्या जुन्या कन्सोलची छोटी प्रतिकृती बाजारात आणली, तेव्हा ती दुकानांत टिकेना.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे लहानपणाची ओढ. ते खरं आहे, पण अर्धंच. काँट्रा हा गेम आला तेव्हा जन्मालाही न आलेला नववीतला मुलगा काँट्रात तासभर गुंततो, त्याला कुठल्या आठवणी ओढतात? त्या वस्तूंमध्येच काहीतरी आहे.

'सुपर मारिओ ब्रदर्स'चं उदाहरण घ्या. १९८५ सालचा हा गेम सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. फोनने काढलेला एक साधा फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो, म्हणजे त्या एका फोटोच्या जागेत अख्खा मारिओ पाऊणशे ते शंभर वेळा मावेल. ज्या यंत्रावर तो चालायचा त्याची कामाची मेमरी होती दोन किलोबाइट. एवढ्याशा जागेत बत्तीस स्टेज, संगीत, शत्रू, गुप्त खोल्या बसवायच्या तर प्रत्येक बाइट मोजून वापरावा लागे. म्हणून मारिओमधले ढग आणि झुडपं नीट पाहावीत. आकार तोच आहे. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला हे दाखवलं की तो आधी विश्वास ठेवत नाही, मग स्वतःवरच हसतो.

असाच चमत्कार बदकं मारायच्या बंदुकीचा. 'डक हंट' खेळताना पोरांना वाटे की बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीवर आदळतं. प्रत्यक्षात उलटं होतं. बंदुकीत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा होता. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई आणि जिथे बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर गेममधलं कुत्रं दात काढायला हजर. हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीवरच जमतं, कारण त्याच्या काचेवर चित्र उमटण्याची वेळ पक्की ठरलेली असते. आजचा चपटा टीव्ही चित्र दाखवण्याआधी स्वतःशी थोडा विचार करतो. त्या विलंबात बंदूक आंधळी होते. म्हणूनच हा नाद असलेली मंडळी जड डब्बा टीव्ही शोधत हिंडतात आणि घरच्यांची बोलणी खातात.

शेवगावला रेल्वे नाही. नगरकडून किंवा पैठणच्या बाजूने एसटीने, मालट्रकने जे येईल ते इथल्या दुकानात दिसणार. नव्वदीत असे गावोगाव पोहोचलेले टीव्ही गेम बहुतेक नकलीच होते. निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या स्वस्त नकला. 'लिटल मास्टर' हे त्यांतलं एक गाजलेलं नाव. खऱ्या फॅमिकॉममध्ये वेगवेगळ्या चिपांनी भरलेला बोर्ड असायचा. नंतरच्या नकलांमध्ये सगळं काम एका चिपवर आणलं आणि तिच्यावर काळं इपॉक्सी ओतून टाकलं. आजही असा टीव्ही गेम किंवा त्याची कॅसेट उघडली की हिरव्या पट्टीवर रुपयाएवढा एक काळा ठिपका दिसतो. सगळा कारखाना त्या ठिपक्याखाली. कॅसेटवर '९९९ इन १' छापलेलं असे आणि आत खरे गेम मोजून वीस-पंचवीस. तेच पुन्हा नाव बदलून, कधी दुसऱ्या स्टेजपासून सुरू करून यादीत घातलेले. ग्राहक मंचात जायला हरकत नव्हती, पण काँट्रा आत असेल तर तक्रार कोण करणार!

काँट्रा म्हणजे तीन लाइफ घेऊन अख्खी लढाई. गेम जतन करायची सोय नाही, लाइफ आणि मोजके 'कंटिन्यू' संपले की पहिल्यापासून. त्यावर तोडगा होता. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग बी आणि ए. तीस लाइफ मिळत. ही युक्ती कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 'ग्रेडियस' हा गेम १९८६ मध्ये घरच्या यंत्रावर आणताना तपासणीसाठी तो त्यांनाच अवघड जाऊ लागला, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ती घातली आणि ती आतच राहिली. जपान, नगर, शेवगाव असा तिचा प्रवास इंटरनेटशिवाय, तोंडोतोंडी झाला. कुणाचा तरी आतेभाऊ सुट्टीत यायचा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यायचा.

तीस लाइफ असूनही शेवटच्या बॉसपर्यंत पोहोचण्याची खात्री नसे, कारण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सगळ्यांत मोठा बॉस भारनियमन होता. त्याला कुठला कोड चालत नव्हता.

कॅसेट नाही चालली की काढून फुंकर मारायची, हा संस्कार सगळ्या जगात एकसारखा पोहोचलेला दिसतो. फुंकरीने काही होत नसे. पिना नीट टेकलेल्या नसत, काढून परत बसवल्यावर त्या टेकत. श्रेय मात्र फुंकरीला. उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, म्हणून खुद्द निन्टेंडोनेही फुंकू नका असं सांगितलं होतं. आज जुनी कॅसेट हाती आली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची काडी, एवढ्यात काम होतं.

गेमची ही कथा झाली. संगणकाची कथा महाराष्ट्रात आणखी मागे जाते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुण शास्त्रज्ञांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. त्यात २७०० व्हॉल्व्ह होते. पण घरात मांडायचा संगणक यायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. ब्रिटनचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ चा. त्याची परवाना घेऊन केलेली भारतीय आवृत्ती, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने विकली. ४८ किलोबाइट मेमरी, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि प्रोग्राम ठेवायला गाण्यांची असते तीच टेप. टेपरेकॉर्डर लावायचा, कर्कश चिरचिर ऐकत काही मिनिटं बसायचं आणि शेवटच्या क्षणी चूक दिसली तर टेप मागे घ्यायची. चालू केल्या केल्या पडद्यावर बेसिक भाषा तयार असे. म्हणजे यंत्र विकत घेणारा पहिल्या दिवसापासून प्रोग्रामर. आजच्या फोनमध्ये ही सोय नाही, आणि हे या लेखातलं सगळ्यांत गंभीर गाऱ्हाणं आहे.

त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेत देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हा संगणक दिला. पुढे शाळांची संख्या वाढली. शिक्षक कमी, वीज अनियमित, बऱ्याच ठिकाणी यंत्रं कपाटातच राहिली. हा संगणक एकॉर्न कंपनीचा. त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये एआरएम ही प्रोसेसरची नवी रचना उभी केली. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तीच आहे. शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेल्या त्या पिवळट डब्याचा वंश गावातल्या प्रत्येक खिशात पोहोचलाय.

तालुक्याच्या गावांत संगणक खऱ्या अर्थाने आला तो एमएस-सीआयटीबरोबर. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि पाठोपाठ हा अभ्यासक्रम गावोगाव पसरला. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागणार म्हटल्यावर शिक्षक, तलाठी, नोकरीच्या वाटेवरची पोरं, सगळ्यांनी माउस हातात धरला. चपला बाहेर काढून आत जायचं, संगणकांवर प्लास्टिकचं कव्हर, मॉनिटर डब्ब्याएवढा. सर बाहेर गेले की पोरं 'डेव्ह' लावत. तो जॉन रोमेरो यांनी तरुणपणी केलेला साधासा दहा स्टेजचा गेम. पुढे 'डूम' करून जगभर गाजलेल्या या माणसाला भारतातल्या एका पिढीने डेव्हचा बाप म्हणूनच ओळखायला हवं होतं, पण नाव कुणी वाचलंच नाही.

दुसरा लाडका 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. त्यातला पांढऱ्या विजारीतला राजपुत्र इतका खरा धावतो, उडी चुकल्यावर इतका खरा लोंबकळतो, कारण जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट त्यावरून उतरवली. गेम १९८९ मध्ये आला. त्याचा मूळ प्रोग्राम पुढे हरवला. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरात एक खोकं सापडलं, त्यात त्या फ्लॉपी होत्या. जुन्या यंत्रांचे जाणकार आले, त्यांनी जुने ड्राइव्ह जोडले आणि वीस वर्षांहून जुन्या फ्लॉपींतून तो प्रोग्राम सुखरूप बाहेर काढला. तो आज कुणालाही वाचता येतो.

इथे हा नाद केवळ नाद राहत नाही. आपल्याकडेही अशी खोकी आहेत आणि त्यांत गेमपेक्षा मोलाचा ऐवज आहे.

नव्वदीपासून मराठी छपाई संगणकावर आली. पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकचं 'आयएसएम', 'शिवाजी'सारखे फॉन्ट, यांवर तालुक्यातले छापखाने आणि डीटीपीवाले चालले. लग्नपत्रिका, स्थानिक साप्ताहिकं, दिवाळी अंक, हरिनाम सप्ताहाची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, गावच्या कुणा शिक्षकाने पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह, सगळं त्यावर. अडचण अशी की या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नव्हतंच. साठवलेला असे इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, फॉन्ट फक्त त्यावर मराठी रूप चढवी. एका फॉन्टात जिथे 'क' होता तिथे दुसऱ्यात भलतंच काही. तो नेमका फॉन्ट नसेल तर अख्खा कवितासंग्रह अगम्य खुणांची रांग होऊन समोर येतो. सरकारने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक ठरवलं होतं, पण टेबलावरची कामं फॉन्टावरच उरकली गेली. पुढे युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. 'क' म्हणजे ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट थोर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला.

युनिकोड येण्याआधीचा आणि आल्यावरही कित्येक वर्षं फॉन्टातच टाइप होत राहिलेला हा सगळा मराठी मजकूर आज जुन्या हार्ड डिस्कांवर, सीडींवर, फ्लॉपींवर पडून आहे. तो उघडायला पेजमेकर लागतं, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याला जुनी विंडोज लागते. अनेक मराठी सॉफ्टवेअरं तर प्रिंटरच्या पोर्टात खोचायच्या 'लॉक'शिवाय चालू होत नसत, आणि तो पोर्ट नव्या संगणकावर नसतो. म्हणून एखाद्या डीटीपी केंद्राच्या कोपऱ्यात विंडोज ९८ किंवा एक्सपीवरचा एक म्हातारा सीपीयू अजून झाकून ठेवलेला दिसला, तर मालकाला जुनाट समजू नये. गावाचा दप्तरखाना सांभाळणारा तो माणूस आहे. या बाबतीत जपानही फार पुढे नव्हता. तिथल्या सरकारी कामकाजातली फ्लॉपीची अट जवळपास पूर्णपणे निघाली ती २०२४ मध्ये.

जुनी यंत्रं जिवंत ठेवणं अवघड नाही, त्याला चिकाटी लागते. पैसा फारसा नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या आणि गावोगावची भंगाराची दुकानं, इथून सुटे भाग मिळतात. सीपीयू उघडला की आधी पाहायचे ते कपॅसिटर. टोपी फुगलेली असेल तर तो गेला, बदलायचा. मग मदरबोर्डवरचा सेल. नाण्यासारखा चपटा असेल तर बदलून टाकायचा. त्याहून जुन्या बोर्डावर पिंपासारखा, बोर्डालाच चिकटवलेला सेल असेल तर घाई करायची, कारण तो फुटून वाहतो आणि बोर्डाच्या बारीक रेषा खातो. जुनी हार्ड डिस्क बसली तर तिच्या जागी कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या जोडणीवर बसतं, दोघांची भाषा एकच असल्याने जुन्या यंत्राला फरक कळत नाही. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पुष्कळसं उजळतं, आणि उन्हाची शेवगावला कधीच टंचाई नव्हती.

एक धोका मात्र खरा आहे. डब्बा टीव्ही किंवा मॉनिटर उघडू नये. पिन काढून ठेवली तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार उरतो आणि तो जिवावर बेततो. ते काम टीव्ही मेकॅनिकचं, आणि तो आता साठीत आहे. मोबाइल दुरुस्तीची दुकानं वाढली, पण ट्यूबची नाडी कळणारे कमी झाले. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी त्याच्याकडे चार महिने बसावं.

ज्याला यंत्रांची उस्तवार नको, त्याला एम्युलेटर आहे. आधुनिक संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. पार्लरच्या पेट्यांसाठी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये 'मेम' सुरू केलं आणि हजारो खेळ त्यात जपले गेले. सोंग कायदेशीर आहे, पण गेमचे हक्क बहुतेक कंपन्यांकडे अजून आहेत, फुकट उतरवून घेणं कायद्यात बसत नाही. अडचण ही की विकत घ्यावं म्हटलं तर माल मिळत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. मुस्तफाचंच पाहा. तो मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर बेतलेला, म्हणजे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत. २०१८ मध्ये कॅपकॉमने अशाच मारामारीच्या सात जुन्या गेमांचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हता. महाराष्ट्रातल्या एका पिढीने ज्याच्यापायी शाळा बुडवल्या, तो गेम सरळ मार्गाने घेण्याचा रस्ता तेव्हाही उघडला नाही. कायद्याने इथे ग्राहकाला चोर ठरवण्याआधी दुकान उघडं ठेवायला हवं होतं, असं म्हणणं गैर नाही.

गेमांची काळजी घ्यायला जगात पुष्कळ लोक आहेत. तालुक्यातल्या मराठी फायलींची काळजी घ्यायला बाहेरून कुणी येणार नाही. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा सीपीयू खाली आला, तर तो तसाच भंगारवाल्याच्या हवाली करू नका. आतली हार्ड डिस्क काढून घ्या. ती यूएसबीला जोडायचं साधं उपकरण स्वस्तात मिळतं. फायली उतरवा आणि विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधले मराठी फॉन्टही त्यांच्याबरोबर उतरवून ठेवा, नाहीतर मजकूर हाती येऊनही वाचता येणार नाही. छापखाना किंवा साप्ताहिक चालवणाऱ्यांनी जुन्या फायली आत्ताच युनिकोडमध्ये आणून एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी. ही प्रत द्यायला कुठल्या योजनेची वाट पाहायची गरज नाही.